उपड्या होडीखालचा मामा

शामुकखाली या बेटावरच्या गावात, नदीच्या बांधावर, एक मोडकी होडी उपडी पडलेली होती. ती खिरोदापिशीच्या नवऱ्याची. पिशी म्हणजे आत्या; टगर नावाच्या पोरीच्या बाबांची ही थोरली बहीण. ऐन तिशीत तिचा नवरा मध काढायला जंगलात गेला आणि होडी तेवढी परत आली. तेव्हापासून त्या होडीला कुणी हात लावत नव्हतं. पाण्यात लोटायची नाही, जाळायची नाही, चुलीसाठी फळीसुद्धा काढायची नाही. मोठी माणसं तिच्या बाजूने जाताना नजर नदीकडे वळवायची. आणि मोठ्यांनी जिकडे बघायचं टाकलं, त्याहून चांगली जागा पोरांना कुठली मिळणार?

टगर आणि खेंदी, दोघींचं राज्य त्या होडीखाली होतं. खेंदी म्हणजे नकटी. तिचं नाक खरंच बसकं होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नसे. उलट कुणाशी भांडण लागलं की तेच नाक ती सगळ्यांत पुढे करायची. दोघी नऊ-दहा वर्षांच्या. खेळायला विकतचं काही घ्यायचं असतं हे त्या बेटावर कुणाला ठाऊकही नव्हतं. ओहोटी लागली की नदीच काय काय टाकून जायची. खेकड्याची पाठ झाली थाळी, गराणाच्या झाडाच्या लांब शेंगा झाल्या वल्ही, शंखांची झाली गुरं. आणि चिखल तर काय, हवा तेवढा. तो चिखलही असा चिकट, की एकदा आकार दिला आणि सावलीत वाळवला की हंडीसारखा टणक व्हायचा.

चैत्र सरता सरता गावातले लोक मधासाठी जंगलात निघायचे. यंदा त्यांच्या पाड्यातून एक नाव निघाली आणि नावेत चौघं. पुढारी कासेमचाचा. त्याला मंत्र यायचे, मामाचं तोंड बांधून टाकायचा मंत्रसुद्धा. मामा म्हणजे कोण, हे तिथल्या दूधपित्या पोरालाही कळतं. त्याला पट्टे असतात, शेपूट असते, आणि खरं नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. दुसरे निताई मंडल, टगरचे बाबा. तिसरा भुवन, खेंदीचा बाप. आणि चौथा हारान.

हारानला कुणी नव्हतं. आईबाप एका वादळात गेले. लग्नाचं कुणी पाहिलं नाही, पाहणार तरी कोण? बांधाच्या टोकाला एक खोपट, त्यात तो एकटा. पण गावातल्या झाडून सगळ्या पोरांचा तो काका. नारळाच्या पातीची पिपाणी वळावी तर त्यानेच. पातीचं एक टोक तो पोराच्या हातात द्यायचा, "ओढून धर" म्हणायचा आणि दुसरीकडून असा पीळ घालत जायचा की बघता बघता तिला आवाज फुटायचा.

निघायच्या आदल्या दिवशी दोघी त्याच्या मागे लागल्या, तेव्हा त्याने नारळाच्या पोयीची एक नाव केली आणि चिखलाची चार माणसं.

"हे घ्या तुमचे बाप," तो म्हणाला. "हा मोठ्या कानांचा निताई. हा ढेरपोट्या भुवन. हा काथ्याच्या दाढीचा कासेमचाचा."

"आणि हा?" टगरने विचारलं. चौथ्याला कान, पोट, दाढी काहीच नव्हतं.

"हा मी."

"मग तुझी खूण कुठाय?"

"खूण नाही तीच खूण. ज्याच्याकडे काही नाही तो हारान. चुकायचं भ्याच नाही!" तो हसला. मग बोट उगारून म्हणाला, "आता नीट ऐका गं. नाव वल्हवा, मध काढा, बाजारात नेऊन विका. काय वाट्टेल ते खेळा. फक्त मामा करायचा नाही. आम्ही जंगलात आत आहोत तोवर नाही."

"का?"

"का-बिका काही नाही. नाही म्हणजे नाही."

नाव गेली. दोन दिवस दोघींनी मध काढला आणि विकला, विकला आणि काढला. तिसऱ्या दिवशी खेंदीने वल्ही टाकून दिली.

"कसलं गं हे जंगल? मामाच नाही तर हे आपलं परसच झालं की."

"हारानकाका नको म्हणाला ना?"

"तो काय बघायला येतोय?"

खेंदीच्या हातात कला होती, हे मानलंच पाहिजे. दुपारपर्यंत मांजराएवढा मामा तयार झाला. अंगावर कोळशाचे पट्टे, डोळ्यांना दोन लाल गुंजा आणि जबड्यात हेताळाच्या झाडाचे काटे. तोंड एवढं मोठं, की चिखलाचा माणूस कमरेपर्यंत आत जावा. होडीखालच्या अंधारात ठेवल्यावर दोघीही जरा मागे सरकल्या. मग खेंदी म्हणाली, "आता तो कुणाला तरी धरणार." तिने डोळे मिटले, मामाला उचललं, गुरगुरली आणि झेप घातली. डोळे उघडून बघते तर जबड्यात मोठे कान.

"तुझा बाबा गेला!" खेंदी टाळ्या पिटत ओरडली.

"अगो बाई, माझं कसं व्हायचं!" टगरने पिशीसारखा पदर तोंडाला लावल्याचं सोंग केलं आणि जमिनीवर हात आपटत असा काही गळा काढला की दोघी हसून हसून आडव्या झाल्या. तेवढ्यात खेंदीच्या आईने खेकडे धुवायला हाक मारली. खेळ होता तसाच टाकून दोघी पळाल्या.

संध्याकाळी वारा सुटला. घरात दिवा फडफडत होता म्हणून टगरने उठून दार लोटलं. पाठीत असा धपाटा बसला की तिचा श्वासच अडकला. मागे खिरोदापिशी उभी होती.

"दार लावतेस? बाप आत असताना दार लावतेस?"

"दिवा विझत होता पिशी..."

"विझू दे! अंधारात बसू." पिशीने दार सताड उघडलं आणि खाली दगड लावला. मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिने टगरला जवळ ओढलं. "वेडी गं वेडी. तुझी आई केसांना तेल लावते का सध्या? फणी घालते? दुपारची चूल पेटवते? मिरची भाजते?"

"नाही."

"का नाही? अगं, इथे आपण जे करू ते तिथे होतं. इथे मिरची भाजली की तिथे त्यांच्या डोळ्यांत धूर जातो. इथे केसांत फणी अडकली की तिथे काट्यात त्यांचं अंग अडकतं. दार लावलं की परतीची वाट बंद. घर म्हणजेच जंगल समजायचं, नाव परत येईस्तोवर."

टगरच्या आईने मान खाली घातली होती. तिचे राठ केस गालांवर आले होते. टगर तिच्याकडे बघत राहिली. इथे आपण जे करू ते तिथे होतं. आणि होडीखाली, मामाच्या तोंडात, कमरेपर्यंत, मोठे कान.

त्या रात्री तिने भाताला तोंड लावलं नाही. कुणाला सांगावं तर सांगणार काय? सांगितलं असतं तर पिशीने चामडी लोळवली असती, पण टगरला भीती माराची नव्हती. तोंडातून शब्द बाहेर पडला की गोष्ट खरीच होऊन बसेल, याची होती.

उजाडता उजाडता ती बांधावर धावली. होडीखाली शिरली. मामा होता तसाच होता, बाबाही तसेच. तिने त्यांना ओढून काढलं. कमरेवर काट्यांचे दोन ओरखडे उमटले होते. ते तिने थुंकी लावून लावून बुजवले. बाबांना नावेत बसवलं. मग तिची नजर पुन्हा वर गेली. मामाचं तोंड आता रिकामं होतं, आणि रिकामं तोंड भरल्या तोंडाहून भयंकर असतं. लाल डोळे नावेकडे लागले होते. नावेत सगळ्यांत जवळ बाबाच बसलेले. त्याने घास गिळलाच नव्हता, तिने तो काढून घेतला होता; मग तो आता काय करील? जीव मुठीत धरून तिने नावेतला ढेरपोट्या उचलला, दुसरीकडे तोंड फिरवलं आणि चाचपडत त्याला जबड्यात सारला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बापांनाही लागू पडते.

दिवसभर ती खेंदीला चुकवत राहिली. खेंदीही तिच्याकडे आली नाही, याचं तिला बरंच वाटलं. दुसऱ्या सकाळी एकदा बघून यावं म्हणून ती होडीखाली वाकली.

मामाच्या तोंडात मोठे कान होते.

भुवन नावेत नीट बसलेला. कुणी काही केल्याची खूण नाही. टगरची पाचावर धारण बसली. चिखलाचा माणूस आपल्या पायांनी उठून जात नाही, एवढं तिला कळत होतं. पण मामा? मामा काय नाही करत? तो पाण्याखालून पोहत येतो, माणसाच्या आवाजात हाक मारतो, असं पिशीच सांगायची. त्याने बाबांना हेरलं होतं. खेळात एकदा दिलं ते त्याचं झालं होतं.

तिने पुन्हा काढलं. पुन्हा भुवनला सारलं, या खेपेला काटे पार पोटात रुतेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठे कान. आता तिला झोप लागेना. दाराशी पान वाजलं तरी ती आईला बिलगायची. उघड्या दारातून दिसणारा काळा तुकडा म्हणजे होडीखालचा अंधार वाटायचा आणि त्यात दोन गुंजा. आई म्हणायची, "हिला काय झालंय? अंग तर गार आहे." पिशी म्हणायची, "बापाची आठवण येतेय, दुसरं काय." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, टगरच्या पाठी तर खराच होता, आणि त्याला रोज घास तीच भरवत होती.

शेवटी तिने ठरवलं की डोळ्यांनी बघायचं. मामा उठतो कसा, जातो कसा, एकदा कळू दे. भर दुपारी गाव पडवीत आडवं झालं तेव्हा ती बांधाखालच्या झुडपात दडून बसली. ऊन मी म्हणत होतं. खाली नदीचं पाणी उतरत होतं आणि चिखलात खेकडे चटचट वाजत होते. आणि मग बांधावरून कुणीतरी आलं. वाकलं, इकडे तिकडे बघितलं, होडीखाली शिरलं.

ते बसकं नाक टगरने लांबूनच ओळखलं.

क्षणभर तिला हसूच आलं, एवढा जीव हलका झाला. पुढच्या क्षणी ती झुडपातून सुटली आणि होडीखाली घुसून तिने खेंदीच्या झिंज्या धरल्या.

"चोरटे! तूच होतीस! माझा बाबा रोज घालतेस!"

"आणि तू?" खेंदीने तिच्या हाताला चावा घेतला. "मी आले तर माझा बाबा तोंडात! पोटाला भोकं! मी काय बघत बसू?"

"आधी माझा होता!"

"तो खेळात होता. खेळात कुणीही येतं. तू मुद्दाम घातलास."

हे खरं होतं, म्हणून टगरने आणखी जोरात ओढलं. दोघी चिखलात लोळल्या, ओरबाडलं, थुंकल्या, आणि दमून दोन बाजूंना बसल्या.

"मला एकच बाबा आहे," टगर हुंदका देत म्हणाली.

"मला काय दोन आहेत?"

मग दोघीही रडल्या. खोटं नाही, सोंग नाही. खेंदीच्या घरी पिशी नसली तरी आई होती, आणि दाराचं, फणीचं, मिरचीचं तिलाही त्याच संध्याकाळी कळलं होतं. एवढे दिवस दोघी एकाच भीतीने एकमेकींच्या बापांना मरणाच्या दारात उभं करत होत्या.

"मामाला मोडून टाकू या?" टगरने विचारलं.

"येडी आहेस? चिडेल तो. चिडला तर चौघांनाही नाही सोडणार."

"मग तोंड रिकामं ठेवू."

"भुकेला ठेवतेस? कासेमचाचाला घालू या का?"

"मग मंत्र कोण म्हणणार?"

मामाच्या डोळ्यांवर फटीतून ऊन पडलं होतं. नावेत आता एकच माणूस असा उरला होता ज्याचं नाव अजून निघालं नव्हतं. तो नावेच्या टोकाला बसला होता, ना कान ना पोट ना दाढी. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं आणि दोघींनी लगेच नजर काढून घेतली.

"त्याला कोण आहे?" खेंदी हळूच म्हणाली.

"कुणी नाही."

"रडायला पण कुणी नाही."

"हं."

"तू धर. मी मामाला धरते. दोघींचे हात लागले पाहिजेत, नाहीतर उद्या म्हणशील खेंदीने केलं." वकील व्हायची ती पोर, चुकून बेटावर जन्माला आली.

खेंदीने ढेरपोट्याला काढून नावेत बसवलं, मग टगरने हारानला उचललं आणि जबड्यात ठेवलं. तो अलगद आत गेला. त्याला अडकायला काही नव्हतंच. दोघी बाहेर आल्या आणि एकमेकींशी न बोलता दोन दिशांना गेल्या.

त्याच संध्याकाळी वायव्येकडून आभाळ काळं झालं आणि वैशाखातलं वादळ बेटावर तुटून पडलं. नारळ जमिनीपर्यंत वाकत होते. आई आणि पिशी दोघी मिळून दार उघडं धरून बसल्या होत्या. वारा ते बंद करू बघत होता आणि या दोघी दोर बांधून त्याला मागे खेचत होत्या. पाणी थेट चुलीपर्यंत आलं.

"भुवनची बायकोही अशीच बसली असेल," आई ओरडून म्हणाली.

"असेल तर. कासेमच्या घरात तर चार बायका आहेत." पिशीने दोर मुठीला गुंडाळला. "हारानच्या खोपटाला मात्र गाठी मारलेल्या. जाताना स्वतःच बांधून गेलाय, कुत्री शिरतात म्हणून. त्याच्यासाठी नेम पाळायला आहे कोण?"

"चांगला हो तो. पोरींवर किती जीव त्याचा."

"चांगल्या माणसाला विचारतोय कोण जंगलात," पिशी म्हणाली.

टगर कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. आता तिला बाबांची भीती वाटत नव्हती. बाबा नावेत बसले होते, ओरखडे बुजवलेले, सुखरूप. भीती दुसरीच होती आणि ती जास्त थंड होती. हारानकाकासाठी कुणी दार धरून बसलं नव्हतं, आणि तिने त्याला धरून आत ठेवलं होतं.

पहाटे पाऊस थांबला. आई आणि पिशी भिजल्या चटईवर बसल्या बसल्या पेंगत होत्या. टगर उठली आणि आधी बांधाच्या टोकाला पळाली. हारानच्या खोपटाचं दार सुंभाने बांधलेलं होतं आणि सुंभ भिजून दगड झाला होता. तिने नखं लावली, मग दात लावले. शेवटची गाठ सुटली तेव्हा तिच्या हिरडीतून रक्त येत होतं. दार उघडलं. आत एक चटई, एक मडकं, आणि खुंटीला नारळाच्या पातीची अर्धवट विणलेली पाखरं टांगलेली. दोन.

ती तिथून निघाली ती धावतच.

होडीखाली पाणी शिरलं होतं. मामा भिजून फुगला होता. पट्टे ओघळून गेले होते, त्यामुळे तो आता कुठलाही प्राणी दिसत नव्हता, नुसतं एक तोंड दिसत होतं. जबडा फुगून आवळला होता. टगरने हारानला धरून ओढलं. निघेना. हलवलं, फिरवलं, निघेना. ऊन वर येऊ लागलं होतं आणि बांधावरून पिशीची हाक आली, "टगर! कुठे उलथलीस गं?" हाक जवळ येत होती. टगरने दोन्ही पाय मामाच्या तोंडावर रोवले आणि जिवाच्या करारावर खेचलं.

हारान सुटला. उजवा हात काट्यांत राहिला.

ती हाताकडे बघत राहिली. एक काडी घातली असती तर निघाला असता. पण मामाचे डोळे तिच्याकडे होते, आणि तोंड पुन्हा रिकामं करायचा तिला धीर होईना. ती पुढे वाकली आणि कुजबुजली, "एवढं घे. बाकीचा सोड."

उरलेला हारान तिने कमरेला खोचला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर सरकली. दिवसभर तो तिच्या अंगाला टोचत होता. घरी तिने त्याला तांदळाच्या मडक्यामागे, सगळ्यांत कोरड्या जागी ठेवलं. त्यानंतर तिने फणी घेतली नाही, मिरची खाल्ली नाही, आणि जाता येता हारानच्या खोपटाचं दार उघडं आहे ना ते बघत राहिली. आईला वाटलं पोर बापासाठी करतेय.

नाव आली ती भरतीबरोबर. एरवी वळणावर यायच्या आत हाळी यायची, बायका शंख फुंकायच्या. या वेळी हाळी आली नाही. सगळं गाव बांधावर उभं राहिलं आणि कुणी कुणाचा हात धरलाय हेही कुणाला कळत नव्हतं. नावेत तीन माणसं दिसत होती.

टगरने मोठे कान आधी पाहिले. वल्ह्यावर बाबाच होते. तिच्या तोंडून किंकाळी फुटली, आनंदाचीच होती ती, का लपवा? शेजारी खेंदीनेही आपला ढेरपोट्या बघितला होता आणि ती मटकन खाली बसली होती. मग कासेमचाचाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. नाव चिखलाला लागली. तळाशी गमछ्यांनी गुंडाळलेला हारान पडला होता. चेहरा राखेसारखा, पण छाती हलत होती. उजवा हात कोपराखाली नव्हता.

"वादळाच्या दुसऱ्या सकाळी," कासेमचाचा सांगत होता. त्याचा आवाज बसला होता. "ऊन नुकतं वर आलेलं. हा धुराची चूड घेऊन पुढे, पोळं झाडायला. कुठून आला कळलंच नाही. हाताला धरलं आणि ओढत नेलं झाडीत. माझा मंत्र ओठांवरच राहिला. आम्ही संपला म्हणून समजलो, इथे माणूस गेला याची खूण म्हणून गमछा बांधायला फांदीसुद्धा तोडली. आणि हा रांगत बाहेर! हात तिथेच. माझी दाढी पांढरी झाली या जंगलात, पण असं पाहिलं नाही. मामा धरलेलं सोडत नाही."

"मग याला का सोडलं?" खिरोदापिशीने विचारलं. तिचा प्रश्न कासेमचाचाला नव्हताच बहुतेक.

"काय सांगू? कुणीतरी त्याच्यासाठी नेम पाळला असणार."

"त्याच्यासाठी? कोण पाळणार?"

खेंदी टगरकडे बघत होती. टगरने बाबांच्या पायांना मिठी मारली होती आणि ती इतकी कापत होती की बाबांना वाटलं पोरीला ताप भरलाय.

हारानला त्याच भरतीला शहराच्या इस्पितळात नेलं. तो आषाढात परत आला. दंड होता, पुढे काही नव्हतं. बायकांनी त्याच्या ओसरीवर मासे आणून ठेवले, भात आणून ठेवला. पिशीही गेली, आणि नको नको म्हणणाऱ्या टगरला हाताला धरून घेऊन गेली. खेंदी आधीच तिथे खांबाला टेकून उभी होती.

"पिशी, एक सांग," हारान म्हणाला. "माझं दार उघडं कसं? मी घट्ट गाठी मारल्या होत्या."

"वादळाने उघडलं असेल."

"वादळ दार मोडतं. गाठी सोडत नाही." तो हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. "तिकडे इस्पितळात रोज तेच डोक्यात. कुणीतरी माझ्यासाठी दार उघडलं. माझ्यासाठी! हात गेला त्याचं काय एवढं. मला वाटायचं माझं कुणी नाही."

टगरने खेंदीकडे पाहिलं. खेंदी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

"अशा तोंडं पाडून काय उभ्या?" हारानने खुंटीवरची एक हिरवी पात ओढून घेतली. "या इकडे. पिपाणी वळायची ती वळायचीच. फक्त आता माझा एक हात तुमच्यातल्या कुणीतरी व्हायचं. ये टगर. हे टोक धर."

टगर पुढे आली. तिने टोक धरलं. हारानने दुसरं टोक डाव्या हाताच्या बोटांत घेतलं आणि दातांनी पीळ घालायला सुरुवात केली. पात सैल पडत होती, वेटोळी सुटून जात होती.

"ओढ की गं," तो पात दातांत धरूनच म्हणाला. "जोरात ओढ. त्याशिवाय आवाज नाही फुटायचा."

टगर टोक धरून उभी राहिली. तिला ओढता येईना.